घर्षण गतीला विरोध करते, तर मग आपण चालतो कसे?

सावली_राजारामपुरी

माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे. घर्षणाच्या धड्यातील तीन विधाने तिला तोंडपाठ आहेत: घर्षण गतीला विरोध करते, घर्षण बल म्हणजे घर्षण गुणांक (दोन पृष्ठभागांच्या जोडीनुसार ठरणारी संख्या) गुणिले लंब बल (पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने देतो तो रेटा), आणि घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. या तिन्हींच्या आधारे तिची गणिते सुटतात, पण तिला पडलेले प्रश्न सुटत नाहीत.

पहिले विधान खरे मानले, तर पावसाळ्यात अंगणातील शेवाळावर, जिथे घर्षण जवळपास नसतेच, तिथे चालणे सर्वांत सोपे व्हायला हवे. दुसरे खरे मानले, तर साठ किलोच्या कपाटाला मी नुसते बोट लावले तरी फरशीने त्याला सुमारे तीनशे न्यूटन बलाने उलटे ढकलायला हवे, म्हणजे कपाट माझ्याच अंगावर यायला हवे. तिसरे खरे मानले, तर शर्यतीच्या मोटारींना एवढे रुंद टायर कशासाठी बसवतात? शिकवणीत विचारले असता "हे परीक्षेत येत नाही" असे उत्तर मिळाले. मी स्वतः वाणिज्य शाखेची असल्यामुळे माझी मजल इथेच संपते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_मास्तर

सावलीताई, आपल्या मुलीचे तिन्ही प्रश्न योग्य आहेत. विधाने चुकीची नाहीत, पण पाठांतराच्या सोयीसाठी त्यांतील महत्त्वाचे शब्द गाळले गेले आहेत. दुसऱ्या विधानापासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे.

वस्तू घसरत नसते तेव्हा तिच्यावर जे घर्षण असते त्याला स्थितिक घर्षण म्हणतात, आणि त्याची किंमत ठरलेली नसते. वस्तू जागेवरून हलू नये यासाठी जितके बल लागेल तितकेच ते असते. आपण वाणिज्य शाखेच्या आहात म्हणून असे सांगतो: एखाद्या दुकानदाराला बँकेने तीन लाखांचे कॅश क्रेडिट मंजूर केले, याचा अर्थ त्याने तीन लाख उचलले असा होत नाही, ती उचल करण्याची मर्यादा असते. गुणांक गुणिले लंब बल ही तशी मर्यादा आहे, प्रत्यक्ष उचल नाही. म्हणून स्थितिक घर्षणाचे सूत्र बरोबरीच्या चिन्हाने लिहूच नये, "पेक्षा कमी किंवा तेवढेच" असे लिहावे. मी शिकवत असताना फळ्यावर हे चिन्ह मुद्दाम मोठे काढत असे, तरीही निम्मी मुले वहीत बरोबरच लिहीत.

आता आपले कपाट घेऊ. वस्तुमान 60 किलो, म्हणजे फरशीचे लंब बल 588 न्यूटन. स्थितिक घर्षण गुणांक 0.5 आणि गतिक (म्हणजे वस्तू घसरत असतानाचा) घर्षण गुणांक 0.4 धरू. मर्यादा झाली 294 न्यूटन. आपण 10 न्यूटनने ढकलले तर घर्षण 10, 100 ने ढकलले तर 100, 290 ने ढकलले तर 290, कपाट जागेवरच. 300 न्यूटन लावताच मर्यादा ओलांडली जाते, कपाट सुटते आणि त्याच क्षणी घर्षण 235 न्यूटनवर उतरते. उरलेले 65 न्यूटन बल कपाटाला सेकंदाला सुमारे 1.1 मीटर प्रति सेकंद या दराने वेग देते. जड सामान हलवताना ते "अचानक सुटते" आणि ढकलणारा तोल जाऊन पुढे झुकतो, तो या 65 न्यूटनमुळे.

पहिल्या विधानात गाळलेला शब्द म्हणजे "सापेक्ष". दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरत असतील किंवा घसरू पाहत असतील, तर त्या घसरण्याला घर्षण विरोध करते. वस्तू पुढे जाते की मागे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. चालताना आपण पावलाने जमीन मागे रेटतो, म्हणजे तळवा मागे घसरू पाहतो, म्हणून जमिनीचे घर्षण तळव्यावर पुढच्या दिशेने लागते आणि तेच आपल्याला पुढे नेते. शेवाळावर ते मिळत नाही. पाय मागे जातो आणि माणूस आहे तिथेच आपटतो.

क्षेत्रफळाविषयी सावकाश लिहितो, कारण ते दोन ओळींत सांगण्यासारखे नाही.

लाल_माती

मास्तरांनी मांडलेला मर्यादेचा मुद्दा आखाड्यात डोळ्यांनी दिसतो. तालमीत बरीच वर्षे काढल्यामुळे त्यावर थोडे लिहितो.

दोन मल्ल एकमेकांना रेटत असतात तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघांवर सारखेच बल असते. मग मागे कोण सरकतो? ज्याच्या पायाखालच्या घर्षणाची मर्यादा आधी संपते तो. म्हणूनच वस्ताद नव्या पोराला ओरडून सांगत असतात की खाली बस, कंबर खाली घे, समोरच्याला खालून उचल. दोघेही 80 किलोचे असतील तर प्रत्येकाचे वजन 784 न्यूटन. खाली वाकलेल्या मल्लाने रेटताना समोरच्याला 100 न्यूटनने वर उचलले, तर समोरच्याचे लंब बल 684 उरते आणि उचलणाऱ्याचे 884 होते. गुणांक 0.6 धरला तर एकाची मर्यादा 410 न्यूटन आणि दुसऱ्याची 530. वजन तेच, माती तीच, पण 450 न्यूटनच्या रेट्याला एक जण जागेवर उभा राहतो आणि दुसऱ्याचे पाय सुटतात. पट काढण्यापूर्वी, म्हणजे पाय धरून पाडण्यापूर्वी, समोरच्याला थोडे उंच करण्यात येते, त्यामागेही हाच हिशेब आहे.

तळहाताला माती चोळण्याचे कारण वेगळे. घामाचा थर दोन त्वचांच्या मध्ये वंगणासारखा राहतो आणि पकड निसटते; कोरडी माती तो शोषून घेते. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेल्या खासबाग मैदानात बसलेल्या प्रेक्षकाला लढतीच्या मध्येच पैलवान खाली वाकून मूठभर माती का उचलतात हे वेगळे सांगावे लागत नाही. तालमीच्या मातीत तेल, ताक, हळद, कापूर घालतात तो मातीच्या आणि अंगाच्या निगेचा भाग आहे. तेलाचे प्रमाण वाढले तर मात्र पकड बिघडते आणि वस्तादाचे बोलणे खावे लागते.

प्रश्नचिन्ह

माझी एक शंका आहे. शाळेत आम्हाला असे शिकवले होते की पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर उंचवटे आणि खळगे असतात, ते एकमेकांत अडकतात आणि त्यामुळे घर्षण होते. हे खरे असेल तर पृष्ठभाग जितका घासून गुळगुळीत करावा तितके घर्षण कमी होत जायला हवे, आणि अगदी आरशासारखा केला तर शून्य व्हायला हवे. तसे होते का?

उद्यमनगरचा_फिटर

तसे होत नाही, आणि हे आमच्या कामाच्या टेबलावर रोज दिसते.

मापे तपासण्यासाठी आमच्याकडे स्लिप गेज असतात. पोलादाचे छोटे आयताकृती ठोकळे, त्यांची तोंडे आरशासारखी घासलेली. दोन ठोकळे स्वच्छ पुसून एकमेकांवर आडवे ठेवले आणि दाबून फिरवले की असे चिकटतात की वरचा उचलला तर खालचा त्याच्यासोबत वर येतो. मध्ये डिंक नाही, चुंबक नाही. सरळ ओढून ते सुटत नाहीत, फिरवून सरकवावे लागतात. काम संपल्यावर ते तसेच जोडलेले ठेवू नयेत असा दंडक आहे, कारण नंतर वेगळे करताना तोंडे खराब होतात. गुळगुळीतपणा वाढला की घर्षण संपते असे मानणाऱ्याने हे ठोकळे एकदा हातात घेऊन पाहावेत.

दुसरे उदाहरण लेथच्या बेडचे. ग्राइंडिंग करून बेड सपाट केला तरी जुने कारागीर त्यावर स्क्रेपर फिरवून मुद्दाम बारीक खळगे पाडतात. निळा रंग लावून कुठे टेकते ते पाहायचे, तेवढाच ठिपका खरवडायचा, पुन्हा रंग लावायचा. हे काम चिकाटीचे असते आणि आता ते हाताने करणारी माणसे कमी झाली आहेत. त्या खळग्यांत तेल साठते. ते नसेल तर कॅरेज (बेडवरून हत्यार नेणारा भाग) अगदी हळू सरकवताना आधी अडते, मग झटक्याने पुढे जाते, पुन्हा अडते, आणि जॉबवर, म्हणजे कापायच्या वस्तूवर, त्याच्या रेषा उमटतात. मास्तरांनी कपाटाचे जे 300 आणि 235 सांगितले, तेच इथे सेकंदाला कित्येक वेळा घडत असते. अशा सरकत्या पृष्ठभागांसाठी (स्लाइडवे) वेगळे तेल मिळते ते हा झटका टाळण्यासाठीच.

घर्षणाला शत्रू समजणाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. ड्रिल मशीनच्या स्पिंडलमध्ये (फिरणाऱ्या दांड्यात) ड्रिल बसते ते मोर्स टेपरवर, म्हणजे किंचित निमुळत्या शेपटावर. तिथे ना आटे असतात ना बोल्ट. टेपर इतका कमी असतो की बाजूचा उतार जेमतेम दीड अंश भरतो. पोलादावर पोलादाचा घर्षण कोन (ज्या उतारावर वस्तू घसरू लागते तो कोन) त्याहून बराच मोठा असल्याने एकदा ठोकून बसवलेले ड्रिल स्वतःहून खाली येत नाही आणि कापताना सहसा फिरतही नाही. काढायचे झाले तर खाचेत ड्रिफ्ट (पाचरीसारखी पट्टी) घालून हातोडी मारावी लागते. मात्र टेपरवर तेलाचा थेंब राहिला तर ड्रिल आत फिरते आणि स्पिंडलला ओरखडे पडतात. म्हणून आमच्या शॉपमध्ये नव्या मुलाला पहिला धडा मिळतो तो टेपर कोरड्या फडक्याने पुसण्याचा.

निवृत्त_मास्तर

फिटरदादांनी माझे अर्धे काम केले. प्रश्नचिन्ह यांनी सांगितलेली अडकणाऱ्या उंचवट्यांची कल्पना जुनी आणि मान्यवर आहे. लिओनार्दो दा विंची यांनी घर्षणाचे नियम स्वतःच्या वह्यांत टिपले होते, पण ते प्रसिद्ध झाले नाहीत. फ्रान्समध्ये अमाँताँ यांनी 1699 साली ते नव्याने मांडले आणि कूलाँ यांनी 1785 च्या आपल्या प्रबंधात ते बारकाईने तपासले. कारण देताना या फ्रेंच अभ्यासकांचा भर उंचवट्यांवर होता. स्कॉटलंडच्या जॉन लेस्ली यांनी 1804 साली यावर असा आक्षेप घेतला की उंचवट्यावर चढताना जे कार्य करावे लागते ते पलीकडे उतरताना परत मिळते, मग ऊर्जा जाते कुठे? हा आक्षेप बिनतोड होता आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

ते उत्तर केंब्रिजमधील बाउडेन आणि टेबर यांच्या कामातून पुढे आले, आणि क्षेत्रफळाचे कोडेही त्यातच सुटते. दहा किलोचा पोलादी ठोकळा पोलादी पत्र्यावर ठेवला, तर आपल्याला वाटते की त्याचा पूर्ण तळ टेकला आहे. प्रत्यक्षात केवळ काही उंचवट्यांची टोके टेकलेली असतात. त्या टोकांवरील दाब इतका प्रचंड असतो की तिथले पोलाद दबून पसरते, आणि टेकलेले क्षेत्रफळ वजन पेलण्याइतके होईपर्यंत पसरत राहते. साध्या पोलादाचा कठीणपणा दर चौरस मिलिमीटरला हजार न्यूटनच्या घरात धरला, तर दहा किलोच्या म्हणजे 98 न्यूटनच्या वजनाला खरा संपर्क लागतो सुमारे 0.1 चौरस मिलिमीटर. ठोकळ्याचा तळ तळहाताएवढा असो वा काडेपेटीएवढा, खरा संपर्क तेवढाच. या टोकांपाशी दोन्ही धातूंचे अणू एकमेकांना धरतात, आणि ठोकळा सरकवायचा म्हणजे ते जोड कातरायचे. कातरण्यात गेलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, ती परत मिळत नाही. लेस्लींच्या आक्षेपाचे उत्तर हे.

यावरून दोन गोष्टी आपोआप निघतात. वजन दुप्पट केले की खरा संपर्क दुप्पट, म्हणून घर्षण दुप्पट. तळ दुप्पट केला तर तेच वजन दुप्पट जागेत विभागले जाते, प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे टोके निम्मीच दबतात, आणि एकूण खरा संपर्क होता तेवढाच राहतो. विट आडवी, कडेवर किंवा उभी, कशीही ओढली तरी घर्षण सारखे येते ते यामुळे. स्लिप गेजमध्ये मात्र पृष्ठभाग इतके सपाट असतात की वजनाची मदत नसतानाही रेण्वीय आकर्षण मोठ्या क्षेत्रावर काम करते, शिवाय ओलाव्याचा वा तेलाचा सूक्ष्म थर त्याला हातभार लावतो. म्हणून तिथे हा हिशेब लागू पडत नाही.

रबरालाही तो जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि मुलीच्या टायरच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. रबर पोलादासारखे कायमचे दबत नाही, ते लवचीकपणे दबते आणि वजन वाढेल त्या प्रमाणात त्याचा खरा संपर्क वाढत नाही, थोडा मागे राहतो. म्हणजे दाब वाढला की रबराचा गुणांक उतरतो. रुंद टायरमध्ये दाब कमी राहतो, त्यामुळे पकड अधिक मिळते. शिवाय झीज आणि उष्णता मोठ्या जागेत वाटली गेल्यामुळे मऊ, अधिक चिकट रबर वापरता येते. माझ्या मते शर्यतीत हे दुसरे कारणही तितकेच वजनदार आहे. "क्षेत्रफळावर अवलंबून नसते" हा अनुभवातून काढलेला ठोकताळा आहे. धातू, लाकूड, दगड यांना तो चांगला लागू पडतो, पण त्याला न्यूटनच्या नियमांच्या पंगतीला बसवू नये.

गंगावेश_कट्टा

म्हैस ओढ घेऊ लागली की दावे खुंटाला दोन-तीन वेढे देऊन टोक नुसते हातात धरले तरी ती थांबते. खुंट जाड असो वा बारीक, फरक जाणवत नाही. हेही घर्षणच ना?

निवृत्त_मास्तर

होय, आणि याचे सूत्र गणितज्ञ ऑयलर यांच्या नावाने ओळखले जाते. प्रत्येक वेढ्याला ताण ठरावीक पटीने वाढतो. गुणांक 0.3 धरला तर एका पूर्ण वेढ्याला साडेसहा पट, आणि तीन वेढ्यांना सुमारे 285 पट. सूत्रात खुंटाची त्रिज्या येतच नाही, त्यामुळे आपले निरीक्षण अचूक आहे.

ऊसकरी

चाकांवर कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण हंगामात आमचा सगळा जीव चाकांवर असतो.

घर्षण पुढच्या दिशेने लागते याचा पुरावा हवा असेल तर ओल्या रानात रुतलेला ट्रॅक्टर पाहावा. मागचे चाक चिखल मागे फेकते. चाक चिखलाला मागे ढकलते, म्हणून चिखल चाकाला पुढे ढकलतो. चिखलाला तेवढी पकड देता येत नाही म्हणून तो उडतो आणि ट्रॅक्टर तिथेच राहतो. पुढची चाके इंजिनाला जोडलेली नसतील तर ती नुसती गडगडत असतात आणि त्यांच्यावरचे घर्षण किंचित मागच्या दिशेने असते. एकाच वाहनाच्या दोन चाकांवर घर्षण विरुद्ध दिशांना, हे आपल्या मुलीला जरूर दाखवा.

मर्यादा वाढवायची तर लंब बल वाढवावे लागते. त्यासाठी मागच्या मोठ्या टायरमध्ये हवेऐवजी तीन चतुर्थांशापर्यंत पाणी भरतात. दोन्ही टायर मिळून काहीशे किलो वजन वाढते, तेही नेमके ओढणाऱ्या चाकांवर. डिझेल थोडे जास्त जाते, पण चाक जागेवर फिरत नाही.

आता नकोशी वाटली तरी लिहिलीच पाहिजे अशी गोष्ट. पुस्तकात गणित असते की ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर वस्तुमानावर अवलंबून नसते, कारण वजन वाढले की घर्षणही वाढते. हे खरे होते ते सगळ्या चाकांना ब्रेक असतील तरच. उसाच्या ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो. समजा ट्रॅक्टर दोन टनांचा, मागे दहा टन ऊस आणि ट्रॉली, आणि रस्ता कोरडा, गुणांक 0.7. ताशी 20 किलोमीटर वेगाने नुसता ट्रॅक्टर सव्वादोन मीटरमध्ये थांबतो. ट्रॉली जोडलेली असेल तर दोन टनांच्या घर्षणाने बारा टन थांबवायचे असतात, म्हणून अंतर सहापट, म्हणजे साडेतेरा मीटर. हाही हिशेब उदार आहे, कारण ट्रॅक्टरचे ब्रेकही मागच्या चाकांनाच असतात. उतारावर आणखी कठीण. आठात एक एवढा उतार असेल तर कोरड्या रस्त्यावरसुद्धा ही जोडी ब्रेकवर थांबत नाही. रस्ता ओला होऊन गुणांक 0.4 वर आला तर पंधरात एक उतारही भारी पडतो. उताराच्या आधीच गिअर खाली घ्यावा असे जुने चालक सांगतात, ते वेग वाढूच नये म्हणून. वेग एकदा वाढला की पुढचा हिशेब चालकाच्या हातात राहत नाही.

प्रश्नचिन्ह

ऊसकरी, म्हणजे पावसात पन्हाळ्याला जाणाऱ्या मोटारीला आपला हिशेब लागू नाही, पण पुस्तकातला लागू आहे, असेच ना?

ऊसकरी

बरोबर. चारही चाकांना ब्रेक असलेल्या मोटारीला ताशी 60 किलोमीटर वेगाने, सपाट कोरड्या रस्त्यावर सुमारे 20 मीटर लागतात, आणि ओल्या रस्त्यावर 35. मोटारीत एक जण बसला आहे की पाच, याने या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे अंतर धरलेले नाही, ते वेगळे.

सावली_राजारामपुरी

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने सगळे प्रतिसाद वाचले. ट्रॅक्टरचा हिशेब तिने वहीत पुन्हा करून पाहिला आणि तो जुळला. तिची आता एकच विनंती आहे: घर्षण गुणांक घरी, ताणकाट्याशिवाय मोजता येईल अशी काही रीत आहे का? घरात एक लांब फळी, नवी कोल्हापुरी चप्पल आणि जुनी रबरी चप्पल उपलब्ध आहे.

निवृत्त_मास्तर

यापेक्षा जास्त काही लागतही नाही. फळीवर चप्पल तळ खाली करून ठेवावी आणि फळीचे एक टोक अगदी सावकाश उचलत जावे. चप्पल ज्या क्षणी सुटेल तिथे हात थांबवून दोन मापे घ्यावीत: उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची, आणि त्या टोकाच्या बरोबर खाली असलेल्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे जमिनीवरचे अंतर. उंचीला या अंतराने भागले की स्थितिक घर्षण गुणांक थेट मिळतो. कोनमापकाची गरज नाही. चपलेचे वजन दोन्ही बाजूंनी छेदले जाते, त्यामुळे ती कोणाची आणि किती जड याने काही बिघडत नाही, आणि हेही तिने चपलेवर एखादे पुस्तक बांधून पडताळून पाहावे. नव्या कोल्हापुरीचा चामड्याचा तळ गुळगुळीत असतो, त्यामुळे ती रबरी चपलेच्या आधी सुटेल असा माझा अंदाज आहे.

गतिक गुणांकासाठी थोडा संयम लागतो. फळी आधीपेक्षा किंचित कमी उंचीवर धरावी आणि चपलेला बोटाने हलकासा धक्का द्यावा. ती घसरून पुढे थांबली तर टोक थोडे वर घ्यावे, वेग वाढत गेला तर थोडे खाली. धक्क्यानंतर चप्पल एकसारख्या वेगाने शेवटपर्यंत सरकते अशी उंची सापडली की तेव्हाचे गुणोत्तर हा गतिक गुणांक. ते पहिल्या गुणोत्तरापेक्षा कमी यायला हवे. फळीवर एकाच पट्ट्यात वारंवार घासले तर तिथला तळ गुळगुळीत होत जातो आणि आकडे सरकू लागतात, म्हणून दर वेळी जागा थोडी बदलावी आणि फळी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी.